फायलीतला शेरा आणि समोरचं मूल

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विशेष शिक्षणातली पदवी घेतलेल्या नाशिकच्या एक शिक्षिका यंदा ऑगस्टपासून कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या एका सरकारी शाळेत शिकवतात. त्यांच्या गटातली बहुतेक मुलं कृष्णवर्णीय आहेत. तिसरीतल्या एका मुलाच्या फायलीत बालवाडीपासून 'रागीट', 'उद्धट', 'ऐकत नाही' असे शेरे आहेत. त्या लिहितात, "फाईल वाचून ज्याची मला धास्ती वाटली तो मुलगा आणि माझ्यासमोर अंग चोरून बसतो तो मुलगा एकच आहे, हे पटत नाही." दुसरी आठवीतली मुलगी. गणितात विलक्षण हुशार, पण पुढच्या वर्षीच्या वरच्या गणिताच्या वर्गाला जायला साफ नकार देते. त्या विचारतात: वर्णद्वेष आणि 'आपण कोण' ही जाणीव यांचा या मुलांच्या शिक्षणाशी आणि मनाशी नेमका काय संबंध, आणि माझ्यासारख्या परक्या बाईच्या हातात त्यातलं काय आहे?

बाई, फाईल आणि मूल जुळत नाही हे तुम्हाला पहिल्याच सत्रात दिसलं, ही फार मोलाची गोष्ट आहे. ती नजर जपा. मी या भागातल्या सरकारी शाळांमध्ये बरीच वर्षं स्कूल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते आहे, आणि माझं सगळं उत्तर त्या न जुळण्याभोवतीच आहे. शाळेत वर्णद्वेष मुलापर्यंत पोचतो तो क्वचितच शिवीच्या रूपात. बहुतेक वेळा तो मोठ्यांच्या वाचनातून पोचतो: मुलाने काय केलं, त्याचा अर्थ कोणी काय लावला, आणि तो अर्थ कागदावर कसा उतरला. मूल ते सगळं टिपत असतं. मग ते त्या अर्थाशी झगडतं, नाहीतर त्याच्यापासून लपतं. तुमचा मुलगा झगडणाऱ्यांतला आहे, आणि मुलगी, माझ्या अंदाजाने, लपणाऱ्यांतली.

मुलाच्या फायलीपासून सुरुवात करू. इंडियाना विद्यापीठाचे रसेल स्किबा यांनी 2002 मध्ये एका मोठ्या शहरातल्या 19 मिडल स्कूलच्या शिस्तभंगाच्या नोंदी तपासल्या. गोऱ्या मुलांना ऑफिसात पाठवलं जायचं ते सिगारेट ओढणं, मोडतोड करणं, न विचारता शाळेबाहेर जाणं यासाठी. या गोष्टी घडल्या की नाही, हे कोणालाही तपासता येतं. कृष्णवर्णीय मुलांना पाठवलं जायचं ते अनादर, फार आवाज करणं, धमकावणं यासाठी. अनादर झाला का, आवाज 'फार' होता का, हे बघणाऱ्याच्या मनावर ठरतं. आता तुमच्या मुलाच्या फायलीतले तीन शब्द पुन्हा वाचा. तिन्ही दुसऱ्या प्रकारातले आहेत.

आणि हे फार लहानपणी सुरू होतं. केंद्रीय शिक्षण खात्याच्या 2013-14 च्या आकडेवारीनुसार देशातल्या सरकारी बालवाड्यांमध्ये कृष्णवर्णीय मुलं 19 टक्के होती, पण एकदा तरी सस्पेंड होऊन घरी पाठवलेल्यांत ती 47 टक्के होती. वयं किती, तर तीन ते पाच वर्षं! येल विद्यापीठाच्या वॉल्टर गिलियम यांनी 2016 मध्ये बालवाडी शिक्षकांना चार मुलांचे व्हिडिओ दाखवले: एक कृष्णवर्णीय मुलगा, एक कृष्णवर्णीय मुलगी, एक गोरा मुलगा, एक गोरी मुलगी. 'त्रासदायक वागणूक कुठे सुरू होते ते शोधा' असं सांगितलं. व्हिडिओत तसं काहीच नव्हतं. पण डोळ्यांच्या हालचाली मोजल्या, तेव्हा शिक्षकांची नजर सगळ्यांत जास्त वेळ कृष्णवर्णीय मुलावर खिळलेली आढळली. यातले काही शिक्षक स्वतः कृष्णवर्णीय होते. म्हणून हा एखाद्या दुष्ट माणसाचा प्रश्न आहे असं समजू नका. ज्या देशात आपण राहतो त्या देशाची सवय प्रत्येकाच्या डोळ्यात थोडीफार मुरते, तुमच्या-माझ्यासुद्धा.

शेरा एकदा पडला की पुढचा शेरा सोपा होतो. स्टॅनफर्डच्या जेसन ओकोनोफुआ आणि जेनिफर एबरहार्ट यांनी 2015 मध्ये शिक्षकांना एका मुलाच्या दोन किरकोळ चुकांची नोंद वाचायला दिली. काहींच्या कागदावर कृष्णवर्णीय वाटेल असं नाव, काहींच्या कागदावर गोऱ्या मुलाचं वाटेल असं. पहिल्या चुकीपर्यंत दोघांना जवळपास सारखीच वागणूक. दुसरी चूक वाचल्यावर मात्र कृष्णवर्णीय नावाच्या मुलाबद्दल शिक्षक जास्त वैतागले, शिक्षा जास्त कडक सुचवली, आणि 'हा मुलगा असाच आहे' असा निष्कर्ष काढायला जास्त तयार झाले. तुमचा मुलगा दुसऱ्या चुकीच्या केव्हाच पुढे गेला आहे. आता त्याने पेन्सिल आपटली तरी ती त्याच्या सगळ्या इतिहासासकट आपटते.

या आठवड्यात एक काम करा. एक कोरा कागद घ्या, चार रकाने आखा: वेळ, जागा, शेरा कोणी लिहिला, आणि त्याआधीच्या पाच मिनिटांत काय झालं. फायलीतला प्रत्येक शेरा त्यात बसवा. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोराच राहील, कारण ते कोणी लिहिलेलंच नसतं. पण पहिले तीन भरले की आकार दिसायला लागतो. बदली शिक्षक आले त्या दिवशीचे शेरे, मधल्या सुट्टीनंतरचे शेरे, एकाच माणसाच्या हाताने लिहिलेले शेरे. आयईपी मीटिंगला, म्हणजे मुलाची वैयक्तिक शिक्षण-योजना ठरते त्या बैठकीला, हा कागद घेऊन जा. 'इमोशनल डिस्टर्बन्स' (भावनिक अडचणी) या विशेष शिक्षणातल्या वर्गवारीत देशभर कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण जास्त आहे, आणि अशा फायली असलेली मुलं बघता बघता तिकडे ढकलली जातात. त्या टेबलावर 'यात मुलाचा भाग किती आणि परिस्थितीचा किती' हे विचारणारा एक तरी माणूस हवा.

एक प्रसंग सांगते, तपशील बदलून. पाचवीतली एक मुलगी स्वेटशर्टची टोपी, म्हणजे हूड, डोक्यावरून काढेना. शाळेचा नियम, वर्गात हूड नको. पहिल्या दिवशी समज, दुसऱ्या दिवशी आरडाओरडा, तिसऱ्या दिवशी तिने खुर्ची लाथाडली आणि 'आक्रमक' असा शेरा घेऊन ती ऑफिसात आली. माझ्याकडे पाठवणार तेवढ्यात ऑफिसातल्या सेक्रेटरी बाईंनी, ज्या त्याच वस्तीत वाढलेल्या कृष्णवर्णीय बाई होत्या, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि फक्त विचारलं, "वेण्या अर्ध्याच सुटल्यात का गं?" मुलगी रडायला लागली. आईची रात्रपाळी बदलली होती, अर्धं डोकं सोडवून झालं होतं, अर्धं राहिलं होतं. तसं सगळ्यांसमोर बसायचं म्हणजे काय, हे त्या बाईंना सांगावं लागलं नाही. त्यांनी खणातून कंगवा, तेलाची बाटली आणि सॅटिनचा स्कार्फ काढला, स्टाफरूमचं दार लावून घेतलं, वीस मिनिटांत मुलगी वर्गात परत. तीन दिवसांच्या शेऱ्यांमध्ये 'केस' हा शब्द कुठेही नव्हता. केसांवरून होणारा भेदभाव रोखणारा क्राउन ॲक्ट कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये देशात सर्वांत आधी केला. कायदा करावा लागला, इतकी ही बाब या मुलांच्या अंगाशी भिडलेली आहे.

त्या बाईंसारखं माणूस शाळेत असण्याने किती फरक पडतो, हेही मोजलं गेलं आहे. टेनेसीतल्या एका जुन्या प्रयोगात कोणतं मूल कोणत्या शिक्षकाकडे जाणार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. सेथ गर्शनसन आणि सहकाऱ्यांनी त्या मुलांचा पुढे माग काढला. तिसरीपर्यंत एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभलेल्या कृष्णवर्णीय मुलांची हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता सुमारे 13 टक्क्यांनी जास्त होती. असे शिक्षक मुळात कमी का, याचं एक उत्तर इतिहासात आहे. 1954 च्या ब्राउन खटल्याच्या निकालाने शाळांतली वर्णानुसार विभागणी घटनाबाह्य ठरवली, पण दक्षिणेत एकत्रीकरण करताना मुलं गोऱ्यांच्या शाळांत गेली आणि त्यांच्या शिक्षकांना घरी पाठवलं गेलं. पुढच्या दशकभरात सुमारे 38,000 कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. ते नुकसान अजून भरून निघालेलं नाही. तुमच्या शाळेत सेक्रेटरी, बसचालक, जेवणघरातल्या ताई, संध्याकाळच्या वर्गाचे दादा असे कोण आहेत, ते शोधा. त्यांच्याशी आदराने बोला, विचारा. पण त्यांना फुकटचे समुपदेशक करून टाकू नका. त्यांच्यावर हा भार आधीच असतो, आणि त्याचा पगार कोणी देत नाही.

आता मनाबद्दल. उदास मूल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कोपऱ्यात गप्प बसलेलं मूल येतं. मला शाळेत दिसणारं नैराश्य पुष्कळदा तसं नसतं. ते चिडचिडीत दिसतं, पोटदुखीत, दर सोमवारच्या डोकेदुखीत, बाकावर डोकं टेकून झोपण्यात, 'मला हात लावू नका' म्हणण्यात. गोऱ्या मुलाने असं केलं की लोक 'त्याचं काय बिनसलंय' म्हणतात. कृष्णवर्णीय मुलाने केलं की 'त्याला शिस्त नाही' म्हणतात. एकाला काउन्सेलर मिळतो, दुसऱ्याला सस्पेन्शन. ताण येतो कुठून, हेही ऐका. वॉशिंग्टन डीसीमधल्या 13 ते 17 वयाच्या 101 कृष्णवर्णीय मुलांना दोन आठवडे रोज विचारलं गेलं, तेव्हा वांशिक भेदभावाचे अनुभव दिवसाला सरासरी पाचाहून जास्त निघाले. त्यात ऑनलाइन दिसलेलं, दुसऱ्याला झालेलं, थट्टेच्या नावाखाली आलेलं, असं सगळं होतं, आणि त्यानंतर नैराश्याची लक्षणं वाढलेली दिसली. शिकागोत पॅट्रिक शार्की यांनी 2010 मध्ये दाखवलं, की घराजवळ खून झाल्यानंतरच्या आठवड्यात चाचणी दिलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे वाचनाचे आणि शब्दसंग्रहाचे गुण घसरलेले होते. मुलाने खून पाहिलेला असण्याची गरजही नव्हती. म्हणून तुमच्या भागात गोळीबाराची बातमी आली, तर त्या आठवड्यातल्या चाचणीवरून कोणतंही मूल जोखू नका.

एक गोष्ट कठीण आहे, पण लिहिते. कृष्णवर्णीय समाजात आत्महत्या होत नाहीत, हा समज इथे अनेक वर्षं होता, शाळांमध्येसुद्धा. 2018 मध्ये जेफ्री ब्रिज आणि सहकाऱ्यांनी 2001 ते 2015 चे आकडे मांडले. 5 ते 12 या वयोगटात कृष्णवर्णीय मुलांमधलं आत्महत्यांचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या सुमारे दुप्पट होतं. इतक्या लहान वयात अशा घटना मोजक्याच असतात, पण 'हा तर आठ वर्षांचा, आणि राग काय, येतोच त्याला' म्हणून मूल हातातून सुटता कामा नये. मूल मरणाबद्दल बोललं, लिहिलं, चित्र काढलं, तर त्याच दिवशी काउन्सेलरला गाठा, मुलाला एकटं सोडू नका. सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. 988 हा आत्महत्येच्या विचारांत मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा क्रमांक 2022 पासून देशभर चोवीस तास चालू आहे, फोन आणि मेसेज दोन्हींसाठी. तो घरच्यांनाही द्या.

बुद्धिमापनाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कॅलिफोर्नियात शिकवता म्हणून सांगायलाच हवं. इथे कृष्णवर्णीय मुलांच्या फायलीत आयक्यूचा आकडा सहसा दिसणार नाही. त्यामागे 'लॅरी पी.' खटला आहे. साठ-सत्तरच्या दशकांत सॅन फ्रान्सिस्कोत अनेक कृष्णवर्णीय मुलांना आयक्यू चाचणीच्या आधारे मतिमंदांच्या वर्गात बसवलं गेलं. कृष्णवर्णीय मानसतज्ज्ञांनी काहींची पुन्हा तपासणी केली. मुलांशी ओळख करून घेतली, प्रश्न त्यांच्या बोलीत विचारले. मुलं सर्वसाधारण बुद्धीची निघाली. राज्यातल्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय सुमारे 10 टक्के, आणि त्या वर्गांत सुमारे 25 टक्के, हे न्यायालयापुढे आलं. 1979 मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी अशा वर्गांसाठी कृष्णवर्णीय मुलांच्या आयक्यू चाचण्यांना मनाई केली. पुढे बरीच कोर्टकचेरी झाली, पण इथल्या कामाची पद्धत त्या निकालाने बदलली. आम्ही निरीक्षण करतो, शिकवून पाहतो आणि मग तपासतो, घरच्यांशी बोलतो. वेळ जास्त लागतो. मला विचाराल तर प्रत्येक मुलाची तपासणी अशीच व्हावी.

आता ओळखीचा भाग. नवे शिक्षक इथे हमखास घसरतात. मानसतज्ज्ञ केनेथ आणि मेमी क्लार्क यांच्या बाहुल्यांच्या चाचण्या तुम्हाला प्रशिक्षणात सांगितल्या असतील. कृष्णवर्णीय मुलांनी गोऱ्या बाहुलीला 'चांगली' म्हटलं, आणि ते संशोधन ब्राउन खटल्यात गाजलं. त्यावरून अनेकांनी धडा काढला की ही मुलं स्वतःला कमी लेखतात, तेव्हा त्यांचा आत्मविश्वास वाढवा म्हणजे झालं. पण आपल्या समूहाकडे जग कसं बघतं हे कळणं आणि स्वतःला कमी मानणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानसतज्ज्ञ विल्यम क्रॉस यांनी हे फार पूर्वी मांडलं. पुढच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला, तेव्हा कृष्णवर्णीय मुलांचा स्वाभिमान सरासरीने गोऱ्या मुलांपेक्षा किंचित जास्तच आढळला. घर, चर्च, आजी, मोठा गोतावळा यांनी तो राखलेला असतो. घरी मुलांना आपला इतिहास सांगतात, अभिमान शिकवतात, आणि पोलिसाने थांबवलं तर हात कुठे ठेवायचे हेही शिकवतात. आपण कृष्णवर्णीय आहोत हे ज्या मुलांसाठी अभिमानाचं असतं, ती भेदभावाला जास्त तगून राहतात असं रॉबर्ट सेलर्स आणि इतरांच्या कामातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तेव्हा 'मला रंग दिसत नाही, माझ्यासाठी सगळी मुलं सारखी' हे वाक्य वर्गात कृपा करून म्हणू नका. ज्या गोष्टीच्या आधारावर मूल उभं आहे, तीच तुम्हाला दिसत नाही असं तुम्ही त्याला सांगता.

ओकलंडमध्ये याच विचारावर एक मोठं काम झालं आहे. 2010 मध्ये इथल्या शाळा-जिल्ह्याने कृष्णवर्णीय मुलग्यांसाठी वेगळा विभाग काढला. नेहमीच्या वेळापत्रकात त्यांच्यासाठी एक तास, शिकवणारे कृष्णवर्णीय पुरुष, विषय आफ्रिकी-अमेरिकी इतिहास आणि स्वतःचं आयुष्य. स्टॅनफर्डच्या थॉमस डी आणि सहकाऱ्याने तपासलं, तेव्हा जिथे हा तास सुरू झाला तिथे हायस्कूल अर्धवट सोडणाऱ्या कृष्णवर्णीय मुलग्यांचं प्रमाण लक्षणीय घटलं होतं. याच जिल्ह्याने 'मुद्दाम अवज्ञा' या मोघम कारणावरून सस्पेंड करणं राज्याच्या आधी बंद केलं. 2024 पासून राज्यात बारावीपर्यंत ते बंद आहे. तुमच्या मुलाच्या बाबतीत कोणी ते कारण पुढे केलं, तर हा नियम शांतपणे दाखवा.

तुम्ही स्वतःला परकी म्हणता. आहात, आणि त्याचा एक फायदा आहे: विचारायला तुम्हाला संकोच वाटायचं कारण नाही. पण आपण रिकामे येत नाही. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड परिसरातल्या, मराठी घरांमध्ये 'त्या वस्तीत घर नको', 'त्या शाळेचं रेटिंग बघ' हे मी इतक्यांदा ऐकलं आहे, की त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दुसरीकडे, जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं नाव घेऊन, आणि ब्लॅक पँथर जन्मली 1966 मध्ये तुम्ही शिकवता त्याच ओकलंडमध्ये. त्यांनी 1969 मध्ये इथल्या एका चर्चमध्ये शाळकरी मुलांना फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली होती, कारण उपाशी पोटी अक्षर शिरत नाही. हे नातं खरं आहे, त्याचा अभिमान बाळगा. फक्त 'आमच्याकडे जात आहे, मला सगळं कळतं' असं समजू नका. जातीचा अनुभव समजायला मदत करतो, पण या मुलाचं काय होतं हे तोच सांगणार.

आणि आता ती आठवीतली मुलगी. 'अभ्यास करणं म्हणजे गोऱ्यांची नक्कल, असं ही मुलं मानतात' हे स्पष्टीकरण तुम्हाला स्टाफरूममध्ये कोणीतरी देईल. ते 1986 च्या एका गाजलेल्या लेखापासून फिरतं आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या शाळांमध्ये कॅरोलिन टायसन यांनी 2005 मध्ये पाहिलं, तेव्हा तसं टोमणे मारणं मुख्यतः तिथेच सापडलं, जिथे वरच्या वर्गांत जवळजवळ सगळी मुलं गोरी होती. म्हणजे टोमणा वर्गाच्या रचनेतून जन्मतो. शिवाय सगळ्यांत एकटं बसून 'आमच्या लोकांना गणित येत नाही' हे खोटं पाडायचं ओझं चाचणी देताना डोक्यावर असतं. असं ओझं क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरनसन यांनी 1995 मध्ये कृष्णवर्णीय कॉलेज विद्यार्थ्यांच्या भाषेच्या चाचणीत दाखवलं. त्याचा परिणाम किती मोठा यावर पुढे बराच वाद झाला आहे, पण मुलींच्या तोंडून मी ते ओझं ऐकलं आहे. तुमच्या मुलीचा नकार मला भित्रेपणाचा वाटत नाही. तिने त्या वर्गात डोकावून पाहिलं असेल आणि हिशेब केला असेल.

उलटही सावध राहा. ती हो म्हणाली, पहिली आली, कधी तक्रार केली नाही, म्हणजे सगळं छान असं नव्हे. जॉर्जियाच्या ग्रामीण भागातल्या गरीब घरांमधल्या कृष्णवर्णीय मुलांचा जीन ब्रॉडी यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. ज्यांचा स्वतःवर ताबा जास्त, ती शिक्षणात आणि वागण्यात पुढे गेली, पण त्यांच्या पेशी वयाच्या मानाने लवकर झिजत होत्या. दात-ओठ खाऊन वर चढण्याची किंमत शरीर भरतं. म्हणून तिला एकटीला वर पाठवू नका.

पुढच्या वर्षीच्या याद्या साधारण वसंतात ठरतात. त्याआधी आठवीच्या सगळ्या मुलांचे गणिताचे गुण मागवा आणि शिफारस न झालेली आणखी कोण मुलं त्याच पातळीवर आहेत ते बघा. फ्लोरिडातल्या एका मोठ्या जिल्ह्याने शिक्षकांच्या शिफारशीवर न थांबता दुसरीतल्या सगळ्याच मुलांची चाचणी घेतली, तेव्हा हुशार मुलांच्या वर्गात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची संख्या वाढली होती. मुलं होतीच, कोणी नाव सुचवलं नव्हतं. तुमच्या शाळेतही दोन-तीन सापडतील. त्यांना एकत्र पाठवायचा प्रस्ताव मांडा, एकाच तासाला. हायस्कूलमध्ये गणित शिकवणाऱ्या कृष्णवर्णीय शिक्षिका असतील तर मुलीला एकदा त्यांच्या वर्गात नेऊन बसवा. तिच्या घरी फोन करा, आणि पहिला फोन तक्रारीचा नसू द्या: तिने कोणतं गणित कसं सोडवलं, तेच सांगा. मग तिला पुन्हा विचारा. तरीही नाही म्हणाली, तर तिचं नाव यादीत राहू द्यायला तिची आणि घरच्यांची परवानगी घ्या, आणि सत्राच्या सुरुवातीला वर्ग बदलून घेण्याची मुदत कधीपर्यंत आहे, ते हायस्कूलच्या काउन्सेलरकडून लेखी आणून त्यांच्या हातात द्या.